14 महिने, 870 तास: गिअर पास, रेडिएटरची जाळी नापास

गेल्या वर्षीच्या पाडव्याला घेतलेला ट्रॅक्टर. 49 एचपी, 12 पुढचे आणि 12 मागचे गिअर, सिंक्रो शटल (पुढं-मागं जायला एकच दांडी), स्वतंत्र पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा, त्याचा क्लच वेगळा), ऑईल ब्रेक (ऑईलमध्ये बुडालेले). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत. 49 च का, तर 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला जानेवारी 2023 पासून धुराचे नवे नियम लागले, किंमत चढली आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक कारभार वाढला. आमच्या जिंतूरकडं त्याला हात लावणारा मिस्त्री सापडायचा कुठं?

जमीन काळी, भारी. घरचं 11 एकर, बाकी भाड्याचं काम. मीटर आज 870 वर आहे.

आधी चांगलं सांगतो. जुन्या ट्रॅक्टरला धुऱ्यावर वळवायचं म्हणजे पूर्ण थांबा, क्लच दाबा, मागचा गिअर हुडका, दातावर दात आला की कर्रर्र. एक एकराचा चौकोनी तुकडा धरला तर बाजू साधारण 208 फूट. सहा फुटी रोटा (माती भुसभुशीत करणारं पात्यांचं अवजार) तिथं साधारण 34 वेळा वळतो. दिवसाला पाच-सहा एकर रोटा मारणाऱ्यानं गुणाकार करून बघावा, खांदा का दुखतो ते कळेल. आता स्टिअरिंगच्या डाव्या हाताला दांडी आहे. पुढं ढकलली की पुढं, ओढली की मागं. क्लच मात्र दाबावाच लागतो, शोरूममधलं पोरगं काही का सांगेना.

आत काय होतं ते मी मिस्त्रीनं उघडलेल्या एका गिअरबॉक्समध्ये डोळ्यानं बघितलं. सिंक्रो म्हणतात ते हेच: बांगडीएवढं पितळी कडं, आतून बारीक रेघा. दात अडकायच्या आधी हे कडं शंकूसारख्या भागावर घासतं, दोन्हीकडचा वेग एक करतं आणि मगच दात बसतात. ही काही नवी विद्या नाही, कॅडिलॅक मोटारीत 1928 लाच आली होती. आमच्या वावरात पोचायला एवढी वर्षं लागली, इतकंच. पण त्या कड्याचीही सहनशक्ती असते. दादा सुरुवातीला पळत्या ट्रॅक्टरची दांडी थेट मागं ओढायचे. "शटल हाय ना, मग?" म्हणायचे. कडं घासून गेलं की अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो हे मिस्त्रीच्या तोंडून ऐकल्यावर थांबले. आता जुन्या ट्रॅक्टरवर बसले तरी त्यांचा डावा हात दांडी चाचपतो.

मागच्या 12 गिअरपैकी तीनसुद्धा मी वापरत नाही. ते कागदावर दिसायला बरे.

पीटीओ स्वतंत्र असण्याचा फायदा मात्र शटलपेक्षाही मोठा वाटला. डबल क्लचच्या ट्रॅक्टरला पायडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. घाईत पाय खोल जातोच. ओल्या रानात रोटा थांबला की पात्यांत माती आणि काडी गच्च बसते. आता क्लच दाबा, सोडा, रोटा आपला फिरतच राहतो.

ऑईलच्या बाबतीत चूक माझीच. गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक यांचं ऑईल एकच असतं, हे ठाऊक असून बाजारातल्या मिस्त्रीला साधं 90 नंबरचं गिअर ऑईल टाकू दिलं. दोन दिवसांत ब्रेक दाबला की रेडकू ओरडल्यासारखा आवाज. सगळं ऑईल काढून पुस्तकात लिहिलेलं भरलं, पैसे पाण्यात.

आता जाळी.

ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीला ट्रॅक्टर एका जागी उभा, मागं मळणी यंत्र, वाऱ्यानं भुसकट सगळं पुढं. पंखा पुढून हवा ओढतो, हवेबरोबर भुसकट ओढतो, आणि तासाभरात रेडिएटरपुढच्या जाळीवर घोंगडी पांघरल्यासारखा थर. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. दादा पाण्याचा डबा घेऊन निघालेच होते, मी ओरडून थांबवलं. रेडिएटरचं टोपण दाब धरून ठेवतं, त्यामुळं आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना उघडलं की दाब सुटतो आणि तोंडावर वाफ येते. इंजिनही लगेच बंद केलं नाही. पीटीओ काढला, रेस उतरवली, चार-पाच मिनिटं तसंच चालू ठेवलं, नाहीतर पाणी फिरायचं थांबतं आणि हेड तापतं.

मग जाळी काढायला गेलो, तर पुढ्यात बॅटरी. तिचा पट्टा 13 च्या पान्यानं सोडल्याशिवाय जाळी वर येत नाही. ज्यानं हे आखलं त्यानं परभणी जिल्ह्यात एक हंगाम मळणी करावी! रेडिएटरची नळी, पंखा, पंप सगळं उत्तम, मे महिन्यात 43 अंशांत रोटा मारताना काटा मधेच राहिला. घात केला तो त्या बॅटरीच्या जागेनं.

तेव्हापासून ट्रॅक्टर असा उभा करतो की वारा भुसकट पलीकडं नेईल. दर पाऊण तासाला जाळीवर केरसुणी. संध्याकाळी हवेच्या नळीनं पंख्याच्या बाजूनं पुढं फुंकतो, म्हणजे आलं तसं बाहेर जातं. पाण्याचा प्रेशर मारू नका, रेडिएटरच्या बारीक पत्र्या वाकतात. बोअरचं पाणीही रेडिएटरमध्ये नको. आमच्याकडच्या क्षाराचा चहाच्या पातेल्यात थर बसतो तसाच आत बसतो. मी तयार कूलंटच टाकतो.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी तापल्यावरच रेडिएटरकडं सोडणारी झडप, काढू नका. "गरम होतंय, काढून टाका" हा इथला आवडता इलाज. त्यात मेण असतं, पाणी 80 अंशांच्या आसपास पोचलं की ते फुगून झडप उघडतं. काढलं की परभणीच्या डिसेंबरात इंजिन दुपारपर्यंत गारच राहतं, डिझेल पितं आणि ऑईल काळं करतं. जुन्या ट्रॅक्टरवर हे भोगलंय.

बॅटरीचा ट्रे शेवटी जिंतूरच्या वेल्डरकडून बिजागरी लावून बाजूला फिरणारा करून घेतला, 600 रुपयांत. आता जाळी एका हातानं निघते. सर्व्हिसला आलेल्या माणसानं ते बघून वॉरंटीचं नाव काढलं. म्हटलं, भुसकट तुमच्या वॉरंटीत बसतं का? चहा पिऊन गेला.