रुई लावू की हळदीकुंकू?

बागेत प्लेन टायगर फुलपाखरं यायला हवीत म्हणून विचारणाऱ्यांचा प्रश्न शेवटी इथंच येतो, की आपली रानातली रुई लावायची का नर्सरीतलं ते लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हीला पांढरा चीक, आणि अळ्या दोन्हीची पानं खातात.

पाण्याचं म्हणाल तर रुईच. आमच्या सोलापूरकडं मे महिन्यात ऊन नुसतं भाजून काढतं, तेव्हा कुंडीतल्या हळदीकुंकवाला एक दिवस पाणी चुकलं तर संध्याकाळी माना टाकलेल्या असतात, आणि कुंपणाकडची रुई मात्र पहिल्या पावसाळ्यानंतर मी एकदाही पाणी न देता हिरवीगार. तिचं मूळ खोल जातं ना. पण म्हणूनच ती उपटून आणू नका, मूळ तुटलं की बहुतेकदा जगत नाही, बोंड फुटून म्हाताऱ्या उडायच्या आत बी काढा आणि जिथं हवी तिथंच पेरा.

जागा मात्र तिला लागते, डोक्याच्या वर सहज जाते. बाल्कनीच असेल तर हळदीकुंकू घ्या, बारा इंची कुंडीत छान फुलतं, फक्त ते मूळचं अमेरिकेतलं, इथल्या कोरड्यात त्याला सांभाळावं लागतं. नवीन रोप आणलं की दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, नर्सरीत फवारणी झालेली असली तर अळ्या मरतात आणि ते बघवत नाही हो.

रुईवर मोठे काळे भुंगे येतात, हळदीकुंकवावर मी ते फारसे बघितले नाहीत. आणि शनिवारी मारुतीच्या माळेला शेजारच्या काकू पानं मागायला येतात, तेव्हा मी आधी पान उलटं करून बघते, काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि तीन जोड्या काळ्या शिंगांची अळी असली की ती फांदी सोडून द्यायची.

पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दोन्हीवर पडतो, पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, औषध नको.

एक गोष्ट कळकळीनं सांगते, चिकापासून डोळे जपा. छाटणी करताना माझ्या डोळ्यात थेंब उडाला, दुखलं काहीच नाही पण तासाभरात सगळं धुकं दिसायला लागलं, तेव्हा चष्मा घालूनच छाटा, आणि गेलाच चीक तर भरपूर पाण्यानं धुऊन दुखत नसलं तरी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. घरात रांगतं मूल असेल तर सध्या दोन्ही नकोत.