फुगवलेल्या घुमटातलं विश्व: खरखर मस्त, धडाम नको होता

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. त्यामुळे कुठेही गेलो की आधी वायरी बघतो, मग देव. गेल्या रविवारी गोव्यातल्या डिचोलीत एका हॉलमध्ये फिरतं तारांगण आलं होतं. सातवीतल्या भाचीने "मामा, चल ना" करून नेलंच. तिकीट माणशी शंभर, शो चाळीस मिनिटांचा, विषय विश्वाचा जन्म.

घुमट (आमच्याकडे घुमट हे वाद्य, त्यामुळे नाव काढलं की आधी चवथीच्या आरत्या आठवतात, पण हा कापडाचा) म्हणजे एक मोठा काळा फुगा. आत कापडी बोगद्यातून रांगत जायचं, खाली सतरंजीवर आडवं व्हायचं. मागे ब्लोअर सतत घरघरत असतो. तीस-पस्तीस पोरं, त्यांचे मोजे आणि दुपार. उकडतं. जाहिरातीत 'मराठीतून' लिहिलं होतं, आत रेकॉर्डिंग हिंदीत. याचे मार्क कापले.

चित्र मात्र झकास. डोक्यावर आकाशगंगा सरकायला लागली तेव्हा शेजारचा पोरगा चिप्स खायचा थांबला.

आता तक्रार. सुरुवातीलाच काळोख, मग 'धडाम', आणि आगीचा लोळ चहूकडे. बास इतका चढवला होता की स्पीकर फाटत होता. ते एक वेळ सोडून देऊ, पण चित्रच चुकीचं. मोकळ्या मैदानात बार उडवावा तसं दाखवलं. तसं मैदान तेव्हा होतंच कुठे? सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी सगळं अतिशय दाट आणि तापलेलं होतं, आणि मग जागाच ताणत गेली. तिला मध्य नाही, कडा नाही, बाहेर उभं राहून बघायला कट्टा नाही. या सगळ्याला 'बिग बँग' हे नाव तरी कोणी दिलं? ही कल्पना न पटणाऱ्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी, 1949 मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना. आणि त्याच हॉयलांबरोबर काम केलेले आपले कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर शेवटपर्यंत या सिद्धांताला प्रश्न विचारत राहिले. 2025 मध्ये ते गेले. मराठीची जाहिरात करणाऱ्या शोमध्ये त्यांचं नाव एकदाही नाही.

पण पुढे जे आलं त्यासाठी शंभर काय, दोनशे दिले असते. 1964 साल, अमेरिकेत न्यू जर्सी. पेन्झियस आणि विल्सन हे दोघे शास्त्रज्ञ वीस फुटी तोंडाच्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते आणि त्यांच्या सेटमधून एक बारीक खरखर जाईना. हे ऐकताच मी उठून बसलो. जत्रेत नाटकाचा पहिला अंक सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मी हेच करत असतो: जॅक काढ, जॅक घाल, अर्थिंग बघ, केबल बदल, कोणाच्या फोनला शिव्या दे. त्यांनीही तेच केलं. अँटेना न्यूयॉर्ककडे वळवली, खरखर तेवढीच. सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली, तेवढीच. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. कबुतरं दूर नेऊन सोडली तर ती परत आली, त्यांची शीट खरवडून काढली, तरी खरखर तिथेच. दिवस असो, रात्र असो, आकाशात कुठेही वळवा, सारखीच. शेवटी 1965 मध्ये जवळच्याच प्रिन्स्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडून उलगडा झाला: विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना पहिल्यांदा मोकळा सुटलेला प्रकाश ताणत ताणत सूक्ष्मलहरी होऊन पोचतोय. आज त्याचं तापमान उणे 270 अंश सेल्सिअस. 1978 मध्ये दोघांना नोबेल. माझ्या लाइनीत खरखर सापडली तर पार्टी बिलातून पैसे कापते.

इथेच करंट गेला. ब्लोअर बंद, आणि विश्व हळूहळू आमच्या डोक्यावर बसायला लागलं. पोरं किंचाळली, त्यातली निम्मी आनंदाने. शो चालवणाऱ्या पोराने घाबरून न जाता चेन उघडून सगळ्यांना बाहेर काढलं, याचे पूर्ण मार्क. जनरेटर नव्हता, याचे शून्य. उन्हापावसाचा भरवसा नाही तिथे करंटचा काय धरायचा?

पण त्या वीस मिनिटांत तो पोरगा हॉलच्या पायरीवर बसून साध्या मराठीत बोलला, तोच खरा शो. एका बारक्याने विचारलं, "पूण सर, उजो कोणें लायलो?" म्हणजे, पण आग लावली कोणी? मला वाटलं, आता हा काहीतरी गोलगोल बोलणार. तो म्हणाला, "माहीत नाही. मलाच नाही असं नव्हे, अजून कोणालाच नाही." मग म्हणाला, काहींच्या मते अगदी पहिल्या क्षणाच्या बारीकशा भागात जागा भयंकर वेगाने फुगली, काहींच्या मते शून्यातही बारीक हालचाल असते, तिथूनच काही सुरू झालं असेल, आणि काही म्हणतात, काळच तिथे सुरू झाला, तर 'त्याआधी' विचारणं म्हणजे उत्तर ध्रुवावर उभं राहून उत्तर कुठे विचारण्यासारखं. बारक्याला हे काही पटलं नाही. तो म्हणाला, "तरी कोणें तरी लायला आसतलो." म्हणजे, तरी कोणीतरी लावलीच असणार.

करंट आल्यावर उरलेला भाग घाईत उरकला, शनीची कडी गाळली.

घरी येऊन भाचीच्या हट्टापायी गोदामातला जुना डबा टीव्ही काढला. अँटेना लावली, चॅनल नाही, पडद्यावर मुंग्याच मुंग्या. त्यातला साधारण शंभरावा भाग त्या जुन्या प्रकाशाचा असतो. ती नाक पडद्याला लावून अर्धा तास बसली होती. तिची आई मला ओरडली.

पाचपैकी साडेतीन. उशी न्या, लहानांना आधी लघवीला नेऊन आणा. आयोजकांनी हे वाचलं तर जनरेटरसाठी मला विचारा, भाडं बोलून ठरवू.