इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी जुनं विमान: ताज्या रंगाची १७२ की उडालेल्या रंगाची आर्चर?

समजा, तुमच्यासमोर दोन जाहिराती आहेत. पहिली १९७८ची सेसना १७२एन. रंग ताजा, सीटना नवं लेदर, ओव्हरहॉलनंतर इंजिन फक्त ४०० तास चाललेलं. पॅनेलवर मात्र कारखान्यातून आलेले एआरसी कंपनीचे रेडिओ आणि लोकलायझरसकट (म्हणजे धावपट्टीची रेघ दाखवणाऱ्या सोयीसकट) एक व्हीओआर, जमिनीवरच्या रेडिओ-केंद्रांवरून दिशा दाखवणारं यंत्र. उतरण्याचा उतार दाखवणारा ग्लाइडस्लोप नाही. दुसरी १९७९ची पायपर आर्चर टू. रंग उडालेला, गालिचा विटलेला, इंजिन १,५०० तासांचं. पण पॅनेलवर वॉसचा (उपग्रहांवरून दुरुस्ती घेऊन अधिक अचूक झालेला) जीपीएस, दोन जी५ (विमानाचा कल आणि दिशा दाखवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक पडदे) आणि चालू स्थितीतला एस-टेक ३० ऑटोपायलट. दोघींची किंमत एक लाख डॉलरच्या आसपास, आणि दोन्हीकडे ठळक अक्षरांत 'आयएफआर', म्हणजे फक्त उपकरणांच्या भरवशावर ढगांत उडण्याजोगं.

जाहिराती मी रचलेल्या आहेत, पण अमेरिकेतल्या बाजारात आठवडाभर हिंडलात तर अशा जोड्या भेटतातच. प्रायव्हेट पायलटचं लायसन्स हातात आहे, आता इन्स्ट्रुमेंट रेटिंग करून, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवरून, ढगांतून उडायचं शिकायचंय आणि त्यासाठी स्वतःचं विमान घ्यायचंय, अशांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो: मी आर्चर घेईन. कारणं पुढे येतीलच, पण आपल्या लोकांसाठी एक गोष्ट त्याहून आधी सांगायला हवी.

तुम्ही एच-१बीवर असाल तर अमेरिकेत विमान तुमच्या नावावर होत नाही. नोंदणीसाठी मालक नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतो. गाडी घेता येते, घर घेता येतं, म्हणून विमानही येईल असं आपण गृहीत धरतो आणि बयाणा देऊन बसतो. अमेरिकी नागरिकाला विश्वस्त नेमून ट्रस्टच्या नावावर नोंदणी करणं किंवा इथेच स्थापन केलेल्या कंपनीच्या नावावर विमान ठेवणं, या वाटा आहेत. कंपनीच्या वाटेत विमानाचे किमान ६० टक्के उड्डाणतास अमेरिकेतच व्हावे लागतात. दोन्हींत वकिलाची फी आली. आणि ग्रीन कार्ड असलं तरी इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी लागतेच. प्रायव्हेटच्या वेळी ही भानगड केलेली असेल तर जुनी मंजुरी अजून चालते का, एवढं पाहा. अमेरिकी नागरिक झालेल्यांनी फक्त पासपोर्ट दाखवायचा.

आता पॅनेल. १७२च्या जाहिरातीतलं 'आयएफआर' खोटं नाही. दोन गायरो (कल आणि दिशा दाखवणारी यंत्रं), वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर, सेकंदकाट्याचं घड्याळ, आल्टरनेटर, रेडिओ आणि मार्गाला पुरेसं नेव्हिगेशन असलं की कायद्याचं समाधान होतं. पण परीक्षेत अप्रोच, म्हणजे उपकरणांवरून धावपट्टीकडे उतरणं, करून दाखवावा लागतो: दोन वेगवेगळ्या प्रकारचे नॉनप्रिसिजन (फक्त दिशेवर चालणारे) आणि एक प्रिसिजन (दिशा आणि उतार दोन्ही दाखवणारा). ग्लाइडस्लोप नाही म्हणजे आयएलएस (जमिनीवरच्या रेडिओवर चालणारा प्रिसिजन अप्रोच) नाही, आणि वॉस नाही म्हणजे एलपीव्हीही (तसाच, पण जीपीएसवरचा अप्रोच) नाही. थोडक्यात, या विमानात ढगात शिरता येईल, पण रेटिंगची परीक्षा देता येणार नाही. आर्चरमध्ये मात्र एलपीव्हीची निर्णय-उंची (जिथे धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं) जमिनीपासून ३०० फुटांच्या आत असेल तर परीक्षक तोच अप्रोच प्रिसिजन म्हणून धरतो. ज्या गावाला आयएलएस नाही, कधी नव्हता, तिथेही असा अप्रोच असतो. सरावासाठी लांब जावं लागत नाही. शिवाय एफएए (अमेरिकेचं विमानवाहतूक खातं) व्हीओआरची केंद्रं हळूहळू कमी करत आहे. व्हीओआरच्या भरवशावर २०२०च्या दशकात विमान घेणं म्हणजे बंद पडत चाललेल्या एसटी मार्गाचा पास काढण्यासारखं आहे.

मग १७२ घेऊन पॅनेल बदलून घेतलं तर? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वॉसचा नवा नेव्हिगेटर बसवून घ्यायचा तर पंधरा-वीस हजार डॉलर सहज जातात. त्यावर जी५ची जोडी आणि ऑडिओ पॅनेल धरा. आणि मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडला की चाळीस वर्षांच्या वायरी हातात तुटून येतात, तो खर्च वेगळाच. ॲव्हिऑनिक्सच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या) दुकानात महिनोन्‌महिने नंबर लागत नाही, तोवर तुमचा इन्स्ट्रक्टर दुसरा विद्यार्थी शोधतो. आणि विकताना या खर्चातला जेमतेम अर्धा परत येतो. म्हणूनच हा खर्च आधीच्या मालकाने केलेला असावा. आर्चरवाल्याने तो केला आहे.

यावर कोणी म्हणेल, पण आर्चरचं इंजिन १,५०० तासांचं आहे. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगची शिफारस २,००० तासांना ओव्हरहॉल करा अशी आहे, म्हणजे संकट दारातच आहे. इथेच बहुतेक जण चुकतात. एक तर खासगी वापराच्या विमानाला तो आकडा बंधनकारक नाही. इंजिनाची तब्येत पाहून पुढे चालवता येतं. दुसरं असं की तासांपेक्षा वर्षं मोजायची असतात. लॉगबुक उघडा आणि ओव्हरहॉलची तारीख शोधा. ते ४०० तास २२ वर्षांत भरलेले असतील, तर ते इंजिन वर्षाला जेमतेम अठरा तास चाललं आहे. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा कंगोऱ्यांचा दांडा) वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं, आणि दमट हवेत कॅमवर गंज धरतो. ह्यूस्टनसारख्या ठिकाणी तर विचारूच नका. पुढे इंजिन चालू झालं की गंजलेले कंगोरे झिजतात आणि धातूचा चुरा तेलात उतरतो. उलट आर्चर दर वर्षी नव्वद तास उडाली असेल, तेल वेळच्या वेळी बदललेलं असेल, प्रत्येक बदलाच्या वेळी तेलाची तपासणी केलेली असेल, तर १,५०० तास झालेलं ते इंजिन मला अधिक तरुण वाटतं.

त्यात १७२एनचं दुखणं खास आहे. १९७७ ते १९८० दरम्यानच्या या मॉडेलमध्ये ओ-३२०-एच२एडी हे १६० अश्वशक्तीचं इंजिन आलं. कॅम आणि टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) लवकर खराब होतात म्हणून त्याची इतकी बदनामी झाली, की त्यातल्या तेलात लायकमिंगचं एक ठरावीक मिश्रण घालण्याचा आदेशच एफएएने काढला. काही तेलांमध्ये ते आधीच मिसळलेलं मिळतं. ठिणगी पुरवणारे दोन्ही मॅग्नेटो एकाच डब्यात आणि एकाच दांड्यावर चालणारे, हेही अनेकांना रुचत नाही. नेमाने उडवली जाणारी एच२एडी इंजिनं २,००० तास गाठतात, हे मी कबूल करतो. पण नेमाने न उडवलेलं एच२एडी मी तरी फुकट मिळालं तरच घेईन. १७२च हवी असा हट्ट असेल तर १९८१ ते १९८६ची १७२पी शोधा. तिच्यात इंजिन बदललं आणि जास्तीत जास्त वजनही वाढून २,४०० पौंड झालं. किंवा १९७६पर्यंतची १७२एम. १५० अश्वशक्ती, पण इंजिन निरुपद्रवी.

पायपरच्या बाजूलाही डाग आहे, तो लपवत नाही. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडात डेटोना बीचजवळ एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या पायपर ॲरोचा पंख हवेत तुटला आणि विमानातले दोघेही गेले. पंखाच्या मुख्य तुळईच्या बोल्टच्या भोकांपाशी थकव्याची भेग सापडली. पुढे पायपरच्या पीए-२८ घराण्यातल्या बऱ्याच मॉडेलांना, आर्चर आणि वॉरियरसकट, एडी करंट पद्धतीच्या (विजेच्या साहाय्याने धातूतल्या भेगा शोधणाऱ्या) तपासणीचा आदेश निघाला. कोणत्या विमानाला ती आधी लागते, हे नुसत्या एकूण तासांवर ठरत नाही. फ्लाइंग स्कूलमध्ये दर शंभर तासांनी होणाऱ्या तपासण्या किती झाल्या, हे मोजून हिशेब करायचा असतो. स्कूलमध्ये झिजलेलं विमान लवकर कचाट्यात येतं, आणि डॉक्टर-वकिलाच्या हँगरमध्ये राहिलेलं उशिरा. तेव्हा आर्चरच्या लॉगबुकात शंभर तासांच्या नोंदी मोजा, आणि तपासणी झाली असेल तर तिचा कागद मागा. सेसनाला याच्या तोडीचं दुखणं सीटच्या रुळांचं. रूळ किंवा खिळा झिजला की उड्डाणाच्या क्षणी सीट मागे घसरते आणि माणूस हँडलला धरून नाक वर ओढतो. तपासणी स्वस्त आहे, पण ती टाळलेली १७२ मी पाहिली आहे.

उडवायला कोणती बरी? पंख वर की खाली, हा वाद चहाबरोबर कितीही रंगू द्या. हुड (बाहेरचं दिसू नये म्हणून सरावात घालायचं झापड) डोळ्यांवर आला की दोन्ही पंख अदृश्य. फरक पडतो तो टाक्यांचा. १७२चा फ्युएल सिलेक्टर 'बोथ'वर (दोन्ही टाक्यांवर) ठेवून विसरता येतं. आर्चरमध्ये दर अर्ध्या तासाने डावी-उजवी टाकी बदलायची, तीही होल्डमध्ये फेऱ्या मारताना, कंट्रोलर नवीन क्लिअरन्स वाचत असताना. पहिल्या दहा तासांत हे छळतं. नंतर ती सवय होते, आणि माझ्या मते इन्स्ट्रुमेंटच्या विद्यार्थ्याला अशी एक जादा सवय लागलेली बरीच. ताकदीत आर्चर पुढे आहे: १८० अश्वशक्ती आणि जास्तीत जास्त २,५५० पौंड वजन, १७२एन २,३०० पौंडांवर थांबते. वापरता येणारं इंधन आर्चरमध्ये ४८ गॅलन, साध्या टाक्यांच्या १७२एनमध्ये ४०. पण आर्चर तासाला दहाच्या आसपास गॅलन पिते आणि १७२ आठच्या, त्यामुळे हवेत राहण्याचा वेळ जवळपास सारखाच. वेगात आर्चर दहा-एक नॉट पुढे. २५० नॉटिकल मैलांची जी सक्तीची लांब फेरी असते तिच्यात हा फरक फार जाणवत नाही. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये, दुपारी दोन वाजता, धडधाकट इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून चढताना मात्र वीस घोडे जास्त असलेले बरे वाटतात.

पावसात आर्चर गैरसोयीची आहे. दार एकच, तेही उजव्या पंखावर. तुम्ही आत शिरून दार लावेपर्यंत सीट भिजते. १७२च्या पंखाखाली छत्रीसारखं उभं राहता येतं. म्हातारे आई-वडील भारतातून येणार असतील आणि त्यांना फिरवून आणायचं असेल तर पंखावर चढवणं अवघड जाईल. हे कारण गंभीर आहे, मी हसण्यावारी नेत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. चेरोकी १४० स्वस्त, पण मागे माणूस बसवायची आशा ठेवू नका. वॉरियर म्हणजे आर्चरचीच शांत बहीण. चांगल्या पॅनेलसकट मिळाली तर डोळे झाकून नाही, पण एक डोळा झाकून घ्या. ग्रुमन टायगर वेगवान आणि मजेदार, तिची नस ओळखणारे मेकॅनिक मात्र कमी. चाकं आत जाणारं काही आत्ताच नको. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला त्याची गरज नाही, आणि इन्शुरन्सवाला तुमचे तास पाहून जो आकडा सांगतो तो ऐकवत नाही.

आणि नुसतं रेटिंगच करायचं असेल तर विमान घेऊच नका. हुडखाली किंवा खऱ्या ढगात मिळून किमान ४० तास लागतात, त्यातले १५ इन्स्ट्रक्टरबरोबर. तासाला दीड-दोनशे डॉलर भाड्याने पन्नास तास धरले तरी दहा हजारांत विमानाचा खर्च आटोपतो. शिवाय मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे काही तास धरले जातात. स्वतःच्या विमानाला ॲन्युअल (वर्षाची सक्तीची तपासणी), इन्शुरन्स आणि हँगर मिळून त्यातला बराचसा भाग एका वर्षात लागतो, आणि तेव्हा तुम्ही अजून इंजिन सुरूही केलेलं नसतं. वर्षाला शंभर तास उडणार असाल तर घ्या. नसाल तर दोन-तीन जोडीदार शोधा; मराठी मंडळाच्या गणपतीत एखादा पायलट निघतोच. एक दिलासा: स्वतःच्या विमानात, बाहेरचा इन्स्ट्रक्टर बोलावून शिकलात तर दर शंभर तासांची तपासणी लागत नाही, वर्षाची पुरते.

पैसे देण्याआधी ओक्लाहोमा सिटीतून एफएएकडची विमानाची फाइल मागवा. किरकोळ खर्चात सगळ्या मोठ्या दुरुस्त्या, बदल आणि बँकेचा बोजा कळतो. आल्टिमीटर (उंचीमापक), त्याला हवेचा दाब पुरवणारी स्टॅटिक सिस्टिम आणि रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपाँडर या तिघांची तपासणी गेल्या २४ महिन्यांत झालेली हवी. 'आयएफआर'च्या जाहिरातीखाली ती चार वर्षांपूर्वी संपलेली मला एकदा आढळली होती. एडीएस-बी (विमानाची जागा सतत कळवणारं यंत्र) आहे ना, हेही पाहा. १ जानेवारी २०२०पासून मोठ्या विमानतळांभोवती त्याच्याशिवाय फिरता येत नाही. आर्चरचा ऑटोपायलट खरंच चालतो का, हे हवेत पाहा. बसवलेला असेल तर परीक्षेत एक अप्रोच त्याच्यावर करून दाखवावा लागतो. बंद असेल तर बंदची चिठ्ठी आणि लॉगबुकात नोंद हवी. प्री-बाय (खरेदीआधीची तपासणी) करणारा मेकॅनिक विकणाऱ्याचा नसावा, आणि बोरस्कोपचे (इंजिनाच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याचे) फोटो घेतल्याशिवाय त्याने सही करू नये.

१७२चा मालक तीस हजारांनी खाली आला तर? तेव्हा हिशेब बरोबरीला येतो, आणि आई-वडिलांना पंखावर चढवायचा प्रश्न मनात असेल तर मीही पुन्हा विचार करीन. एच२एडीचं एक बरं आहे: त्याचे टॅपेट इंजिनाची केस न उघडता बाहेरून काढता येतात, आणि त्या भोकातून कॅमही दिसतो. अर्ध्या दिवसाचं काम. खर्च मी देतो, म्हणून सांगा. तरीही विकणारा टॅपेट काढू देत नसेल, तर चहा पिऊन परत निघा आणि वाटेत आर्चरवाल्याला फोन लावा.