मोबियसची चार वंगणं: जुन्या ऑटोमॅटिकला नेमकं काय लागतं

सिको ५ या घड्याळाची ७००९ ही ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने चावी भरणारी) यंत्रणा घरी उघडायची असेल तर मोबियस या स्विस कंपनीची डझनभर वंगणं नकोत. ९०१०, डी५, ९४१५ आणि ८२१७ एवढ्यांत काम होतं.

९०१० हे तेल बॅलन्सच्या (पुढे-मागे झुलणाऱ्या चाकाच्या) कॅप ज्वेलला, म्हणजे टोकावरच्या दगडाला, आणि वेगाने फिरणाऱ्या चाकांना. थेंब ज्वेलच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश व्यासाएवढा. कडेला टेकला की तेल पसरून कोरडं पडणार. पॅलेट फोर्कच्या (चाकाचे दात एकेक करून सोडणाऱ्या काट्याच्या) पिव्हटांना, म्हणजे आसाच्या टोकांना, काहीच नाही. सेंटर व्हील (मधलं चाक) आणि बॅरल आर्बरला (स्प्रिंगच्या डबीच्या आसाला) दाट डी५ तेल. मुकुटाच्या, म्हणजे बाहेरच्या गोल बटणाच्या, दांडीकडच्या भागाला ९५०१ ग्रीस सरस, पण सुरुवातीला डी५वर भागतं. ९४१५ स्थिर असताना ग्रीससारखं, आघात बसला की पातळ होतं, म्हणून पॅलेट फोर्कच्या दोन दगडांवरून ओघळत नाही. ज्या दगडावरून दात बाहेर पडतो त्याच्या आघाताच्या बाजूवर कणभर लावा, एस्केप व्हील (फोर्कला ढकलणारं दातेरी चाक) पाच दात पुढे न्या, पुन्हा लावा. तीन वेळा केलं की पंधरा दातांचं चाक पूर्ण होतं.

पण पैसे वसूल करते ती ८२१७ ही ब्रेकिंग ग्रीस, आणि नेमकी तीच बरेच जण वगळतात. ऑटोमॅटिकच्या मेनस्प्रिंगचं (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचं) बाहेरचं टोक बॅरलला, म्हणजे तिच्या डबीला, अडकलेलं नसतं. पूर्ण चावी भरली की ते भिंतीवरून घसरतं, म्हणून रोटर (चावी भरणारं फिरतं वजन) कितीही फिरला तरी स्प्रिंग तुटत नाही. घसरण किती लवकर व्हावी, हे ही ब्रेकिंग ग्रीस ठरवते. बॅरलच्या आतल्या भिंतीवर सारख्या अंतराने पाच-सहा बारीक ठिपके पुरेत. तिथे साधं तेल गेलं तर स्प्रिंग अर्ध्यातच सुटते, घड्याळ रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. उलट भिंत फार पकडणारी असेल तर जोर जास्त जाऊन बॅलन्सची पिन फोर्कला मागून आपटते. टाइमग्राफरवर (घड्याळाचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) घड्याळ एकदम भरधाव पुढे पळताना दिसलं तर आधी हेच तपासा, रेग्युलेटरला (वेग जुळवणाऱ्या पट्टीला) हात लावू नका.

७००९ ला मुकुटाने चावी देता येत नाही. चाचणीसाठी रॅचेट व्हीलचा (बॅरलवरच्या दातेरी चाकाचा) स्क्रू फिरवून भरावी लागते.

किंमत चटका देते खरी, पण एका घड्याळाला लागतं ते थेंबाच्या अंशाएवढं. नाशिकच्या मेनरोडला किंवा शालिमारला लेबल नसलेल्या सुट्या शिशीत ९०१० स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. आत शिलाई मशीनचं तेल आहे की काय, हे नुसतं बघून कळत नाही. सीलबंद बाटली घ्या आणि उघडल्याची तारीख वर लिहा. एप्रिल-मेच्या इथल्या उन्हात ती खिडकीत नको, बंद कपाटात ठेवा. ऑइल कपमध्ये (तेल घ्यायच्या छोट्या वाटीत) ओतलेलं उरलं तर परत बाटलीत घालू नका, पुसून टाका. धूळ तिथूनच आत शिरते. मात्र जुनं वाळलेलं तेल धुऊन काढलेलं नसेल, तर यातलं कुठलंही वंगण घालणं व्यर्थ आहे.