लॅपटॉप अडला: स्वतः बघायचं, तपकीर गल्लीत न्यायचा की कंपनीला फोन लावायचा?

जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख २०. आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता आमच्या ऑफिसातल्या एकीचा लॅपटॉप सुरू होईना. पॉवरचा दिवा लागलेला, पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी ठिक्कर. तिने मशीन पिशवीत भरून तपकीर गल्लीकडे, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराकडे, निघायची तयारीसुद्धा केली होती. मी चार्जर काढला, डिजिटल सहीचा टोकन, माउस, पेनड्राइव्ह असं जे जे लावलं होतं ते सगळं उपसलं आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. मग फक्त चार्जर लावून चालू केला. आला.

सदाशिव पेठेतल्या या कर सल्लागाराच्या ऑफिसात अकरा लॅपटॉप आहेत आणि त्यांचं दुखणंखुपणं माझ्याकडे. बहुतेक लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक. म्हणजे ऑफिसांसाठीच बनवलेली, मजबूत आणि उघडायला त्यातल्या त्यात सोपी मशीनं. बिघाड झाला की तीन वाटा असतात: स्वतः बघणं, दुरुस्तीच्या दुकानात नेणं किंवा कंपनीच्या सर्व्हिसला कळवणं. लोक ठरवताना खर्च बघतात. माझ्या मते आधी बिघाड कुठला आहे ते बघावं, कारण तिघांचे हात वेगवेगळ्या कामात चांगले आहेत.

वॉरंटी शिल्लक असेल तर फार विचार नको. मशीन उलटं करून सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर बघा, कंपनीच्या साइटवर टाका. बिझनेस मॉडेलला अनेकदा तीन वर्षांची ऑनसाइट, म्हणजे इंजिनिअर ऑफिसात येऊन दुरुस्त करेल अशी, वॉरंटी घेतलेली असते आणि ऑफिसात कुणालाच ते आठवत नसतं. फोन लावण्याआधी मशीनमधलीच चाचणी चालवा: डेलला सुरू होताना एफ १२ दाबून डायग्नोस्टिक्स, एचपीला एफ २, थिंकपॅडला एफ १०. तिथे आलेला एरर कोड लिहून घेतला की फोनवरचं 'हे करून बघा, ते करून बघा' बरंच कमी होतं. मशीन तिथवरही जात नसेल तर डेलचा दिवा किंवा एचपीचं कॅप्स लॉक ठराविक वेळा लुकलुकतं. ते मोजा, तोच कोड.

पण कंपनीकडून मदरबोर्ड बदलून घ्यायचा असेल तर त्याआधी एक काम कराच. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर छापून ठेवा. आमच्याकडे इंजिनिअरने बोर्ड तासाभरात बदलला आणि त्यानंतर निळी स्क्रीन येऊन की मागू लागली. मशीन ज्याच्या खात्यावर लावलं होतं तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. त्याला शोधून की मिळवेपर्यंत दोन दिवस गेले. इंजिनिअरची यात काही चूक नव्हती, डिस्कचं कुलूप जुन्या बोर्डावरच्या चिपला बांधलेलं असतं.

आता वॉरंटी संपलेल्या मशीनचं. खरा प्रश्न तिथेच आहे.

लॅपटॉप रेंगाळतोय ही तक्रार घेऊन दुकानात जाऊ नका. टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर औषध एकच, एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क. मेमरी भरलेली असेल तर रॅम. मात्र पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते, थिंकपॅड एक्स १ कार्बनसारख्या मशीनमध्ये ती वाढवता येत नाही. विकत घेण्याआधी मॉडेलचं मॅन्युअल बघा. दुकानदार हे दोन्ही बदलून देईल आणि कामही नीट करेल, पण त्यासाठी डिस्क त्याच्या हाती जाते. आमच्या डिस्कवर शेकडो लोकांची पॅन आणि आधार कार्डं आहेत. म्हणून हे काम मी घरचंच ठेवलंय. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामने डिस्कची तब्येत पिवळी दाखवली तर बाकीचे सगळे उपाय थांबवा. आधी डेटा दुसरीकडे उतरवा, मग पुढचं.

बॅटरीचं निदानही स्वतःच करता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला की मी बदलतो. इथे मात्र गल्लीतल्या 'कॉम्पॅटिबल' बॅटरीपेक्षा कंपनीची महाग बॅटरी परवडली. स्वस्तातल्या दोन घेतल्या, दोन्ही वर्षभरात उतरल्या. टचपॅड वर उचललं गेलंय किंवा तळाची फट वाढलीय असं दिसलं तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेली बॅटरी मी स्वतः काढत नाही, दुकानात देतो.

पंखा घोंघावतो, तळ भाजतो: हे दुकानाचं काम. जाळीतली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलायला त्यांना फार वेळ लागत नाही आणि त्यांचा हात बसलेला असतो.

चार्जिंगचं जरा गुंतागुंतीचं आहे. गोल पिनचा डेल चार्जर असेल आणि सुरू होताना अडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश येत असेल, तर बॅटरी किंवा बोर्डाला दोष देण्याआधी दुसरा अस्सल चार्जर लावून बघा. त्या पिनच्या मधली बारीक सुई चार्जरची ओळख सांगते. ती वाकली की मशीन चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही पडतो. गोल जॅकच सैल झाला असेल तर बऱ्याच मॉडेलांत तो वायरीसकट सुटा पार्ट असतो, दुकानात लगेच बदलून मिळतो. टाइप-सी पोर्ट मात्र बहुतेक वेळा थेट बोर्डावर असतो आणि तिथे दोन वाटांतला फरक मोठा होतो. कंपनी पोर्ट बदलत नाही, बोर्ड बदलते. चिप लेव्हलचं काम करणारा, म्हणजे बोर्डावरचा एकेक बारीक भाग बदलणारा कारागीर, तोच पोर्ट काढून नवा डकवतो.

असं काम मी एकदा शेजारी उभा राहून बघितलंय. तपकीर गल्लीच्या एका जिन्याखालच्या दुकानात, पाठीला पाठ लावून तीन माणसं बसतील एवढी जागा. मशीन पूर्ण मेलेलं. कारागिराने बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं, दोन वायरींनी अगदी कमी व्होल्टचा करंट दिला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळा बोर्ड ओला आणि एका तिळाएवढ्या कपॅसिटरभोवतीचं अल्कोहोल बघता बघता उडून गेलं. शॉर्ट तिथे होता. तो कपॅसिटर काढला, मीटर लावला, दुसरा बसवला. सर्व्हिसने याच मशीनसाठी अख्ख्या बोर्डाचा दर दिला होता. म्हणून बोर्डाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: वॉरंटीबाहेरचं मशीन आधी अशा माणसाला दाखवावं. मात्र तो मायक्रोस्कोपवर बसणारा हवा. 'ठेवून जा, परवा या' म्हणून मशीन भलत्याच ठिकाणी पाठवणारे बरेच असतात. काम इथेच करता का, हे सरळ विचारा.

चहा सांडला तरी तीच वाट, फक्त त्याच दिवशी. बंद करा, चार्जर काढा, उलटं धरा आणि 'चालतंय का बघू' म्हणून सुरू करू नका. तांदळात ठेवून बोर्डावर बसलेली साखर निघत नाही, ती धुवावीच लागते. साध्या वॉरंटीत सांडलेलं सहसा बसत नाही, अपघाताचं वेगळं कव्हर घेतलेलं असेल तरच कंपनीला कळवा.

एका ठिकाणी मात्र तिन्ही वाटांवर खर्च करू नये असं मला वाटतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. सातव्या पिढीच्या मशीनला एसएसडी लावून घरात मुलांना द्या, पण त्याचा बोर्ड दुरुस्त करून त्यावर पुन्हा अशिलांची रिटर्नं भरू नका. आठव्या पिढीचं थिंकपॅड टी ४८० सारखं मशीन असेल तर खुशाल खर्च करा: रॅमला दोन जागा, एक बॅटरी बाहेरून निघणारी, पार्ट सहज मिळणारे.

दुकानात देताना मी एसएसडी काढून कपाटात ठेवतो आणि पासवर्ड कुणालाच सांगत नाही. पावतीवर सीरियल नंबर, रॅम किती ते आणि काढलेला पार्ट परत मिळणार असं लिहून घेतो. आणताना दुकानाचीच डिस्क लावून काउंटरवर चार्जिंग, प्रत्येक यूएसबी पोर्ट आणि कीबोर्डची सगळी बटणं तपासतो. यूएसबीला डिजिटल सहीचा टोकन लावून त्याचा दिवा लागला की मगच पैसे देतो.