तीन लिटरचा स्टीलचा कुकर आणि आठवड्यातल्या रात्रींचं जेवण: वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात घेतलेला हा कुकर: तीन लिटरचा, बाहेरून झाकण बसणारा, थरांच्या (मधे ॲल्युमिनियम असलेल्या) जाड बुडाचा, स्टीलचा. पावसाळा गेला, आता थंडी आहे, आणि आठवड्यातल्या बहुतेक रात्रींचं जेवण याच एका भांड्यात होतं. पुण्यात हिंजवडीच्या किंवा खराडीच्या ऑफिसातून रात्री आठ वाजता घरी पोचणाऱ्या, दोन-तीन माणसांच्या घरासाठी हे लिहितोय. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण फरक पडतो तो आकाराने, बुडाने आणि आच कशी ठेवता त्याने.

आधी आकार. तीन लिटर म्हणजे तीन लिटर अन्न नव्हे. डाळ, तांदूळ, खिचडी असं फेस येणारं काहीही असेल तर पाणी धरून अर्ध्यापर्यंतच भरायचं, म्हणजे दीड लिटर. बाकीच्या पदार्थांना दोन तृतीयांश. या हिशेबाने दीडशे मिलिची एक वाटी तांदूळ आणि त्यासोबतची डाळ असा ऐवज आरामात मावतो. दोघांचं पोटभर, तिघांचं बेताचं. चौघं जेवणार असतील तर पाच लिटरचाच घ्या. पण दोघांसाठी पाच लिटरचा वापरू नका. त्याच्या रुंद बुडावर एक वाटीच्या खिचडीचा थर पातळ पसरतो, आणि वाफ धरेपर्यंतच पाणी आटून अन्न खाली लागतं.

आता मुख्य मुद्दा. शिट्ट्या मोजणं सोडा, पहिल्या शिट्टीनंतरची मिनिटं मोजा. शिट्टी म्हणजे आत जास्त झालेली वाफ बाहेर पडणं, एवढंच. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या तीन मिनिटांत होतात, मंद आचेवर त्यांनाच दहा मिनिटं लागतात, आणि आपण दोन्हीला ‘चार शिट्ट्या’ म्हणतो. एका घरात डाळ मेणासारखी आणि दुसऱ्या घरात दाणा शाबूत, याचं कारण बहुतेकदा हेच. आच वाढवली म्हणून आतलं तापमान वाढतही नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये झाकणावरचं शिट्टीचं वजन उचललं जाईपर्यंत ते ११८ ते १२० अंशांवर जातं आणि तिथेच थांबतं. त्यापुढची सगळी आच पाणी उडवण्यात आणि बूड करपवण्यात जाते. म्हणून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्यायची, मग सर्वांत लहान बर्नरवर एकदम मंद, आणि मोबाइलवर टायमर. नंतर शिट्टी झाली नाही तरी चालेल. वजनाखालून हलकी सुरसुर चालू आहे ना, तेवढं पाहायचं.

मुगाची खिचडी इथे सर्वांत जास्त वेळा होते, म्हणून ती नीट सांगतो. एक वाटी इंद्रायणी, अर्धी वाटी मुगाची डाळ, दोन्ही एकत्र तीन पाण्यांनी धुऊन निथळत ठेवायचं. भिजवायची गरज नाही. घरात शिरल्याबरोबर दुसऱ्या शेगडीवर किंवा किटलीत सहा वाट्या पाणी तापत ठेवा. आधणाचं पाणी घातलं तर पहिली शिट्टी चार-पाच मिनिटं आधी होते, आणि कामाच्या दिवशी हीच खरी बचत असते. कुकरमध्ये दीड चमचा तूप, मोहरी, जिरं, हिंग, कढीलिंब, एक हिरवी मिरची. जाड बूड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे मोहरी तडतडली की लगेच आच कमी करायची आणि मगच पाव चमचा हळद. मोठ्या आचेवर हळद काळपट होते आणि पूर्ण खिचडीला कडवट चव येते. डाळ-तांदूळ दोन मिनिटं परता, पाऊण चमचा गोडा मसाला, मीठ, आणि गरम पाणी.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. पाणी घातल्यावर सपाट उलथन्याने बूड सगळीकडून खरवडून घ्या, कडांपासून मध्यापर्यंत. परतताना चिकटलेली शितं आणि मसाला तिथेच राहिला तर वरची खिचडी घट्ट होत जाते तसं पाणी खाली फिरत नाही, आणि तो थर सर्वांत आधी जळतो. खरवडल्यावर एक उकळी येऊ द्या, मग झाकण. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर सहा मिनिटं, गॅस बंद, वाफ आपोआप जिरेपर्यंत दहा मिनिटं. ही दहा मिनिटं शिजण्यातच मोजलेली आहेत. वजन उचलून वाफ सोडली तर डाळीचं पिवळं पाणी ओट्यावर उडतं आणि तांदूळ मधे कचवट राहतो. झाकण काढल्यावर खिचडी पळीवाढी, थोडी सैलच दिसायला हवी, ताटात वाढेपर्यंत ती आळते. दुसऱ्या वाढीच्या वेळी अर्धी वाटी गरम पाणी घालून ढवळा. एवढं करूनही कधी लागलीच तर खालपर्यंत डाव घालू नका. वरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, करपट वास वर येत नाही.

तांदळाबद्दल दोन शब्द. मऊ जेवणाला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर. इंद्रायणी हे लोणावळ्याच्या भात संशोधन केंद्राचं वाण, आंबेमोहोराच्याच वंशातलं, म्हणून वासाला जवळचं आणि थोडं चिकट. मावळातून थेट आलेला नवा तांदूळ असेल तर पाणी अर्धी वाटी कमी करा, नाहीतर गिच्च गोळा होतो. कोलम किंवा बासमतीची खिचडी मोकळी राहते. ती वाईट नव्हे, पण थंडीच्या रात्री हवी असते ती ही नव्हे.

वरण-भातासाठी डबे लावायचे. खालच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, हळद, हिंग, अर्धा चमचा तेल. तेलामुळे फेस कमी येतो. वरच्या डब्यात एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, वर झाकणी. कुकरच्या तळाशी जाळी आणि दोन वाट्या पाणी. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर बारा मिनिटं. डब्यातून उष्णता जायला वेळ लागतो, म्हणून थेट कुकरमध्ये आठ-नऊ मिनिटांत होणाऱ्या डाळीला इथे तीन-चार मिनिटं जास्त. डाळ सकाळी धुऊन पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवून गेलात तर दहाच मिनिटं पुरतात.

डाळ वेळ देऊनही शिजत नसेल तर कुकर बदलू नका, पाणी बदलून पाहा. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशीभिंती घट्ट धरून ठेवतं आणि दाणा तसाच राहतो. आरओ फिल्टरचं पाणी भिजवायला आणि शिजवायला वापरलं की तीच डाळ रवीशिवाय, डावानेच घोटली जाते. दुसरं कारण आंबट. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळीबरोबर आधी घातलं तर तेच होतं, म्हणून आंबट नेहमी शिजल्यावर. सोड्याची चिमूट टाकून डाळ शिजते खरी, पण चवीला साबणासारखी लागते आणि बी-१ जीवनसत्त्व जातं. टाळा.

गुरगुट्या भात सर्वांत सोपा: पाऊण वाटी आंबेमोहोर, चार वाट्या पाणी, मीठ, पहिल्या शिट्टीनंतर आठ मिनिटं, आणि वाफ जिरल्यावर डावाने घोटून घ्यायचा. वर तूप, मेतकूट, बाजूला लिंबाचं लोणचं. पोट बिघडलेलं असो वा डोकं उठलेलं, याच्यापुढे दुसरं काही सुचत नाही.

या कुकरचं खरं सोनं मात्र वरणफळांत दिसतं. एरवी पातेलं, कढई, डाळीचा कुकर असा पसारा होतो, इथे एकच भांडं. पाऊण वाटी तूरडाळ अडीच वाट्या पाण्यात थेट कुकरमध्ये, नऊ मिनिटं. ती शिजेपर्यंत एक वाटी कणीक, दोन चमचे बेसन, हळद, तिखट, ओवा, मीठ आणि एक चमचा तेलाचं मोहन घालून पुरीसारखी घट्ट भिजवा. सैल कणकेची फळं आमटीत विरघळतात. पोळीएवढं लाटून शंकरपाळ्यांसारखे काप करा आणि ताटात सुटे पसरा. डाळ घोटून त्यात साडेचार-पाच वाट्या गरम पाणी, मीठ, गोडा मसाला, लिंबाएवढा गूळ, तीन आमसुलं. फोडणी कढल्यात वेगळी करून वरून ओतायची: तेल, मोहरी, हिंग, कढीलिंब, लाल तिखट, आणि आवडत असेल तर चार लसूण पाकळ्या.

आमटी हवी त्यापेक्षा बरीच पातळ ठेवा, कारण कणीक पाणी पिते. आणि ती खळखळत असतानाच फळं सोडा, एकेक करून, मधूनमधून ढवळत. आधण थंडावलं की फळं एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि आत कच्ची राहतात. सगळी सोडून झाल्यावर मध्यम आचेवर, झाकण न लावता दहा-बारा मिनिटं. एक फळ तोडून पाहा, मधे पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं. या टप्प्यावर कुकरचं झाकण लावायचा मोह टाळा. फळं तळाशी बसून चिकटतात आणि घट्ट आमटी वाफेच्या नळीत जाऊन बसू शकते.

उसळींचं थोडक्यात. मोड आलेल्या मटकीला एक शिट्टी आणि लगेच गॅस बंद, मंद आचेवर ठेवलीत तर लगदा. आठ तास भिजवलेल्या पांढऱ्या वाटाण्याला बारा मिनिटं, छोले-राजम्याला वीस ते पंचवीस. तोंडलीचा मसालेभात एकास दोन पाण्याने, चार मिनिटं मंद, आणि झाकण उघडल्यावर काट्याने मोकळा करायचा.

आता कुकरच्या कमतरता. स्टील ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता सावकाश पसरवतं. थरांचं बूड ही उणीव बरीच भरून काढतं, पण भिंती पातळच असतात, त्यामुळे मोठ्या बर्नरची ज्योत बाजूला आली की आत कडेला तपकिरी पट्टा पडतो. ज्योत बुडाच्या आतच हवी. इंडक्शनवर गॅसपेक्षा थोडा कमी समाधानकारक वाटला. बऱ्याच स्वस्त शेगड्या कमी सेटिंगला सलग मंद तापत नाहीत, पूर्ण जोरात चालू-बंद होत राहतात, आणि खिचडीसारखा घट्ट पदार्थ बुडाला गोल कड्यासारखा लागतो. इंडक्शनवर पाणी अर्धी वाटी वाढवा, आणि पहिल्या शिट्टीनंतर तीन मिनिटं ठेवून बंद करा. वाफेवर पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. डब्यांच्या वरण-भाताला मात्र इंडक्शनने काही अडत नाही.

वजनही जास्त आहे. भरलेला कुकर एका लांब हँडलने उचलायचा म्हणजे मनगटावर ताण येतो. समोर दुसरं छोटं हँडल असलेलाच घ्या. पांढरे डाग बोअरच्या पाण्याचे, ते चमचाभर व्हिनेगर आणि पाणी उकळवून जातात. तारेच्या घासणीची गरज नाही.

देखभालीत तीन गोष्टी चुकवू नयेत. प्रत्येक वेळी झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरून पाहायची. डाळीचं साल अडकलं असेल तर पिन घालून काढायचं. रिंग दर वेळी काढून हाताने धुवायची आणि झाकण उलटं ठेवायचं, बंद करून ठेवलं तर रिंग दबते आणि वास धरते. कडेने वाफ येते, शिट्टी होत नाही, असं झालं की आधी काठावर शीत अडकलंय का ते पाहा, मग रिंग उलटी बसवून पाहा. तरी गळत असेल तर ती कडक झाली आहे, नवी घ्या. फ्रीझरमध्ये ठेवून रिंग आवळायचे उपाय एखाद्या रात्रीपुरते ठीक, पण गळक्या रिंगने पाणी संपतं आणि कुकर कोरडा जळतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बसवा, आणि नळी तुंबली होती की पाणी संपलं होतं ते शोधल्याशिवाय पुन्हा कुकर लावू नका.

सुटे भाग तुळशीबागेत आणि रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत मिळतात. जुनी रिंग सोबत न्या, नुसतं ‘तीन लिटर’ सांगून भागत नाही, त्याच मापाच्या दोन मॉडेलांच्या रिंगा वेगळ्या निघतात. कुकर घेताना आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा प्रेशर कुकरच्या मानकाचा क्रमांक बघा, आणि दुकानातच त्यात दोन डबे रचून झाकण लावून पाहा. सोबत मिळणारे डबे कधीकधी इतके उंच असतात की वरच्या डब्याची झाकणी कुकरच्या झाकणाला टेकते. अशा वेळी थोडे बुटके डबे वेगळे घ्या, वरच्या झाकणीपासून बोटभर जागा मोकळी राहील असे.