बीएमडब्ल्यू ३३० एलआय: कोल्हापुरातल्या रस्त्यांवर वापरल्यानंतरचा अनुभव

"एवढ्या पैशात मोठी उंच गाडी आली असती की!" गाडी घेतल्यापासून हे वाक्य मी पेट्रोल पंपावर ऐकलं, लग्नाच्या मांडवात ऐकलं, शिरोली एमआयडीसीत चहाच्या टपरीवर तर कायमच ऐकतो. बोलणाऱ्यांचं चुकत नाही. आपल्याकडचे रस्ते, उसाच्या वावरात जाणाऱ्या पाणंदी, पावसाळ्यात रस्त्यावर येणारं पाणी हे सगळं बघितलं की उंच एसयूव्हीच पटते. तरीही मी खाली बसणारी सेडान घेतली. एक गळीत हंगाम, एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिच्यासोबत काढल्यावर असं वाटतं, की मला गाडीकडून जे हवं होतं ते उंच गाडीत मिळालंच नसतं.

माझी गाडी ३३० एलआय एम स्पोर्ट, म्हणजे ३ सिरीजची लांब आवृत्ती. नेहमीच्या ३ सिरीजचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २८५१ मिलिमीटर, हिचा २९६१. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर), आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना. जुळणी चेन्नईजवळच्या कारखान्यात होते. घेण्यापूर्वी मर्सिडीजची सी २०० आणि ऑडीची ए ४ या दोन्ही चालवून बघितल्या होत्या. सी २०० ची आतली सजावट हिच्यापेक्षा देखणी आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तिचं इंजिन दीड लिटरचं, २०४ अश्वशक्तीचं. ए ४ ला पुढच्या चाकांची ओढ. ती शांत, नीटनेटकी गाडी आहे. पण वळणावर ॲक्सिलरेटर दिला की मागून ढकलल्यासारखं जे वाटतं, ते तिच्यात नाही. मला नेमकं तेच पाहिजे होतं.

आता घाटाबद्दल, कारण या गाडीचं खरं मोल तिथं कळतं. कोल्हापूरकराला घाट म्हणजे काही मुद्दाम करायचा प्रवास नव्हे. कोकणात उतरायचं तर गगनबावडा, फोंडा, आंबा किंवा आंबोली, यांपैकी एक वाट धरावीच लागते. कामानिमित्त माझं रत्नागिरीकडं आणि तळेऱ्याच्या बाजूला जाणं-येणं असतं. गगनबावड्याहून उतरणारा करूळ घाट काँक्रीटचा झाल्यापासून वळणावर चाकांना पकड चांगली मिळते. तिथं ही गाडी स्टिअरिंग वळवलं तेवढीच आणि वळवलं तेव्हाच वळते. आधी बॉडी झुकणार, मग टायर तक्रार करणार आणि मग गाडी वळणार, असा प्रकार नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलेलं आहे आणि सगळा भार जमिनीजवळ आहे, त्यामुळं एकापाठोपाठ डावं-उजवं वळण आलं तरी गाडी डोलत नाही. याचा घरात झालेला फायदा मी घेताना धरलाच नव्हता. माझ्या धाकट्या मुलीला गगनबावड्याच्या पुढं हमखास गाडी लागायची. पिशवी हातात घेऊनच बसायची ती. आता खिडकीतून धबधबे मोजत जाते.

चढावर ४०० न्यूटन-मीटरचा अर्थ कळतो. हा टॉर्क १५५० आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला १५५० फेऱ्यांनाच) पूर्ण मिळतो, म्हणून पुढं दगडाचा डंपर कण्हत चाललेला असला आणि मोकळा सरळ तुकडा थोडाच मिळणार असला तरी गाडी घाई न करता निघून जाते. गिअरबॉक्स एवढा समजूतदार आहे की स्टिअरिंगमागचे पॅडल मी चढताना वापरतच नाही. उतरताना मात्र न चुकता वापरतो. गिअर खाली आणून इंजिनच्या जोरावर वेग धरायचा, ब्रेक फक्त वळणाच्या आधी. माझा धंदा ओतकामाचा आहे, त्यामुळं ब्रेकच्या डिस्ककडं माझं लक्ष जरा जास्तच असतं. डिस्कला ग्रे आयर्न वापरतात ते त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळं. उष्णता पटकन पसरते आणि कंपनं जिरतात. पण घाटभर पायच ब्रेकवर ठेवला तर कुठलंही लोखंड तापणारच. करूळ उतरून वैभववाडीत चहाला थांबतो तेव्हा चाकाजवळ करपल्यासारखा वास येतो का, ते मी दरवेळी बघतो. अजून आलेला नाही.

पुणे-बेंगळुरू हायवेचं वेगळं सांगायला हवं. कागलपासून साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाची कामं, वळवलेले रस्ते, कऱ्हाडच्या उड्डाणपुलाखालची कोंडी हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. अशा तुटक रस्त्यावर स्पोर्ट सेडानचा काय उपयोग, असं विचारलं जातं. उपयोग आहे. डायव्हर्जन संपलं की मोकळा पट्टा मिळतो, परत डायव्हर्जन येतं. हे सतत वेग कमी-जास्त करणं या गाडीत थकवत नाही. कागलच्या पुढं निपाणी-बेळगावकडं तर ती अगदी रमते. शंभरला इंजिन जेमतेम कुजबुजतं. ८० च्या वर गेल्यावर अधूनमधून वाजणारी सूचना सरकारी नियमाची आहे, ती सगळ्याच नव्या गाड्यांत आहे.

गळीत हंगामात रात्रीचा प्रवास ही मात्र खरी परीक्षा. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस बाजूला एवढा बाहेर आलेला की समोरच्या गाडीच्या प्रकाशात काही दिसतच नाही. इथं हेडलाइट आणि ब्रेक, दोन्हींनी मला वाचवलंय असं मी म्हणेन. प्रकाश पांढरा, लांब आणि काठाला नीट कापलेला आहे, वळणावर तो आत वळतो. सांगरूळकडून येताना एकदा ट्रॉली दिसली तेव्हा जोरात ब्रेक मारावा लागला. गाडी सरळ रेषेत थांबली, शेपूट हललं नाही. गाडी कितीही चांगली असो, हंगामात अंधार पडल्यावर मी ६० च्या वर जात नाही.

आता दुखरी बाजू. स्पीड ब्रेकर. आपल्या गावागावांत वर्गणी काढून घातल्यासारखे उंच, टोकदार ब्रेकर आहेत, त्यांना ना पट्टे ना मोजमाप. लोकांना वाटतं की फक्त उंची कमी असल्यानं पोट घासतं. तसं नाही. पुढची चाकं ब्रेकर ओलांडून उतरतात तेव्हा मागची अजून अलीकडं असतात, आणि मधला भाग ब्रेकरच्या डोक्यावरून जातो. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितका पोट टेकायचा धोका वाढतो. मागच्या सीटसाठी मिळालेले ११० मिलिमीटर इथं वसूल केले जातात. उपाय एकच, तिरकं घ्यायचं: आधी एक चाक, मग दुसरं. चौघं बसलेले असले आणि डिकी भरलेली असली की तिरकं घेऊनही कधी कधी खालून आवाज येतो. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी रस्त्यावर यायला लागलं की ही गाडी घरात आणि कामाला जुनी बोलेरो, हे आमच्याकडं ठरलेलं आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या माणसाला याचं कारण सांगायला नको.

मागच्या सीटबद्दल दोन मतं आमच्या घरातच आहेत. आबांना पाय लांब करून बसता येतं, मागचा दरवाजा लांब असल्यानं आत शिरताना गुडघा अडत नाही. ते खूश. आईचं म्हणणं वेगळं. "बसायला बरी हाय, पर उठताना हिरीतनं वर आल्यागत वाटतंय." तिचे गुडघे दुखतात, आणि एवढ्या खालच्या सीटवरून उठणं तिला जड जातं. घरात अशी वडीलधारी माणसं असतील तर त्यांना शोरूममध्ये घेऊन जा आणि चार वेळा बसवून-उठवून बघा. पाचवा माणूस मधे बसवूच नका, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टसाठी मधला भाग उंच आहे, पाय ठेवायला जागा नाही.

शिवाजी पेठेत आमच्या पाहुण्यांचं घर बोळात आहे. लांब गाडी आत नेली की बाहेर कशी काढायची, हा प्रश्न पडायचा. रिव्हर्सिंग असिस्टंट नावाची एक सोय आहे. हळू पुढं गेलेले शेवटचे ५० मीटर गाडी लक्षात ठेवते आणि त्याच मार्गानं उलटं येताना स्टिअरिंग स्वतः फिरवते. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक आपल्याकडं. शोरूममध्ये हा दिखावा वाटला होता. बोळात दोन्ही बाजूंना मोटारसायकली लावलेल्या असताना ती सोय सोन्याची वाटते.

आतला वक्र पडदा मोठा आणि स्पष्ट आहे. एसीसाठी वेगळी बटणं नाहीत, तेही पडद्यावरच. मला बटणं आवडली असती.

खर्चाचं म्हणाल तर शहरात लिटरला आठ-नऊ, हायवेला शांतपणे चालवली तर तेरा-चौदा मिळतं. टायर रन-फ्लॅट आहेत. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणजे दाजीपूरच्या जंगलात रात्री अडकायची भीती नाही. पण त्यांच्या बाजू कडक असतात, खराब डांबरावर त्याचा ठोका आत जाणवतो, आणि नेहमीचा पंक्चरवाला त्यांना हात लावायला बिचकतो. सर्व्हिस मी पुण्याला करून घेतो. ऑइल कधी बदलायचं हे गाडी वापरावरून सांगते, त्याप्रमाणे तारीख घेतो आणि पुण्यातली कामं त्याच दिवशी उरकतो.

धंदेवाल्यांसाठी एक मुद्दा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर आहे, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. घसाऱ्याचा फायदा धरूनही कुठलं परवडतं, हे आपल्या सीएकडून आकडे मांडून घ्या आणि मगच एमएच-०९ चा नंबर बुक करा. टेस्ट ड्राइव्ह मागाल तेव्हा हायवेची मागू नका. घरच्या चौघांना बसवा, पन्हाळ्याचा चढ घ्या आणि परत येताना तुमच्या स्वतःच्या गल्लीतला ब्रेकर आणि फाटकाचा उतार, या दोन्हींवरून ती नेऊन बघा.